घडणावळ

मी बी.एड.ला प्रवेश घेतला त्या वर्षी अम्मीने तिचे चांदीचे तोडे मोडले. फी भरायची होती आणि घरात दुसरं काही नव्हतं. मी तिच्याबरोबर सराफाकडे गेले होते. त्याने तोडे कसोटीला घासून पाहिले, काट्यावर टाकले आणि म्हणाला, "चाची, टंच कमी आहे. घट जाईल." अम्मीने मान हलवली. मग तिने हळूच विचारलं, "और घडणावळ?" तो हसला. वाईट हसला नाही, समजावणीचंच हसू होतं ते. "मोडीला घडणावळ नसते, चाची. ती करून घेतानाच बुडते."

ते तोडे नानीने तिला लग्नात दिले होते. पीळ घातलेल्या जाड तारा होत्या आणि माझ्या आठवणीप्रमाणे दोन्ही टोकांना वाघाची तोंडं होती. लहानपणी मी त्या तोंडांत बोटाचं नख घालून बघायची. त्या दिवशी वाघांची किंमत शून्य झाली आणि चांदीची तेवढी हातात आली. त्या पैशांवर मी शिक्षिका झाले. तेव्हापासून 'घडणावळ' हा शब्द मनातून जात नाही.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे शब्दांच्या मागे लागायची सवय आहे. चांदीला मराठीत रुपं म्हणतात, उर्दूत रूपा. दोन्हींचं मूळ संस्कृत 'रूप्य', आणि त्याच्याही मागे 'रूप'. रूप्य म्हणजे ज्याला रूप दिलं आहे, ज्यावर ठसा उमटवला आहे असा धातू. त्याच शब्दातून रुपया आला. म्हणजे ज्या शब्दात घडण होती, त्याच शब्दाचा अर्थ पुढे नुसता पैसा झाला. गंमत अशी की पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, इंकांच्या केचुआ भाषेतही हेच घडलं आहे. तिथे चांदीला 'कोल्की' म्हणतात आणि आज पैशालाही 'कोल्की'च म्हणतात. पण इंकांचं राज्य होतं तेव्हा हा दुसरा अर्थ असणं शक्य नव्हतं, कारण त्यांच्याकडे नाणंच नव्हतं.

हे वाचून मला थांबावं लागलं होतं. एवढं मोठं साम्राज्य, आजच्या पेरू, बोलिव्हिया, इक्वाडोरमध्ये पसरलेलं, डोंगरातून हजारो किलोमीटरचे रस्ते बांधणारं, आणि बाजारात चालणारं नाणं नाही. कर भरायचा तो श्रमाने. मग सोनं-चांदी कशाला? तर खूण म्हणून. सोनं सूर्याचं आणि चांदी चंद्राची. राजा सूर्याचा पुत्र, राणीचं नातं चंद्राशी. कुस्को या राजधानीत कोरीकांचा नावाचं सूर्यमंदिर होतं. त्याच्या भिंतींना सोन्याचे पत्रे जडवले होते. तिथल्या अंगणात सोन्या-चांदीची बाग होती आणि त्या बागेत मक्याची ताटं होती, कणसांसकट, धातूची. ज्या पिकावर माणसं जगत, ते देवासमोर धातूत उभं केलेलं.

खूण फक्त मंदिरातच होती असंही नाही. इंका बायका अंगावरची शाल छातीशी एका मोठ्या टाचणीने अडकवत. तिला 'तुपू' म्हणतात. तिचं डोकं चपटं, पसरट. थोरामोठ्यांच्या घरची तुपू सोन्याची किंवा चांदीची, साध्या घरची तांब्या-कांशाची. टाचणीवरून बाई कोणत्या घरची ते कळायचं. आणि त्याच टाचणीची कड धारदार असे, तिने बायका कापाकापीही करत. दागिना आणि हत्यार एकच. दुसरी वस्तू म्हणजे 'आकिया', चांदीचा किंवा सोन्याचा पेला. हे पेले जोडीने घडवत. एक यजमानाचा, एक पाहुण्याचा. मक्याची 'चिचा' नावाची दारू दोघांनी बरोबर प्यायची, एकट्याने नाही. राजा एखाद्या सरदाराशी संबंध जोडायचा तेव्हा त्याला पेल्यांची जोडी भेट द्यायचा. घेणाऱ्याला तिचं वजन बघावं लागत नसे. जोडी आली, म्हणजे आता देणंघेणं सुरू झालं, हे त्याला कळत असे.

हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. पण ते कळलं मणिबेलीला.

मणिबेली म्हणजे आमच्या नंदुरबार जिल्ह्याचं, अक्कलकुवा तालुक्यातलं नर्मदेकाठचं गाव. महाराष्ट्राच्या नकाशावर अगदी वरच्या कोपऱ्यात. सरदार सरोवर धरणाच्या भिंतीमागे महाराष्ट्रातलं जे पहिलं गाव लागतं ते हे. शाळेतल्या एका सहकारी बाईंचे नातेवाईक तिथे राहतात. त्यांच्याबरोबर मी गेले होते. शेवटचा टप्पा होडीने. पाणी शांत आणि इतकं रुंद, की ही नदी आहे हे स्वतःला सांगावं लागतं.

त्या घरातल्या म्हातारीला सगळे 'याहा' म्हणत होते. याहा म्हणजे आई. सातपुड्यातल्या आदिवासींची धान्याची देवी याहामोगी, तिच्या नावातही हाच शब्द आहे. याहाने आम्हाला मक्याची भाकर दिली. बोलता बोलता माझ्या हातातली एकच एक बांगडी पाहून तिने विचारलं, तुझी चांदी कुठे? मी अम्मीच्या तोड्यांची गोष्ट सांगितली. सहकारी बाई मध्ये बसून तिच्या बोलीत सांगत होत्या. याहा उठली आणि कोठीमागून फडक्यात बांधलेलं गाठोडं घेऊन आली.

त्यात एक हासळी होती, दोन जाड कडी होती, एक साखळी होती आणि रुपयांची माळ होती. चांदीचे जुने रुपये, कडी लावून ओवलेले. तिने एकेक वस्तू हातात घेऊन सांगितलं. हासळी लग्नातली, नवऱ्याच्या घरून आलेली. म्हणजे ती तिचीच, तिला कुणी हात लावायचा नाही. एका कड्याला पोचा होता. थोरल्या मुलाला दात येत होते तेव्हा तो ते चावायचा, आणि एकदा त्याने ते दगडावर आपटलं. साखळीतले दोन दुवे वेगळे दिसत होते. एका वाईट वर्षी तिचा तुकडा विकावा लागला होता, पुढे मोह चांगला आला तेव्हा जोडून घेतला. माळेतला एकेक रुपया कुणी दिला तेही तिला पाठ होतं. तिला वाचता येत नाही. ही तिची वही आहे.

मी माळेतला एक रुपया उलटून पाहिला. इंग्रजांच्या काळातला, राजाचं डोकं असलेला. १८३५ पासून कंपनी सरकारने सगळीकडे एकसारखा रुपया पाडायला सुरुवात केली. त्याचं वजन बरोबर एक तोळा. म्हणूनच आपल्याकडे 'रुपयाभार' हे माप झालं. १९४० मध्ये त्यातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये ती संपली, रुपया निकेलचा झाला. त्याआधीचे चांगले रुपये कुणी साठवले, कुणी आटवून कडी केली, कुणी गळ्यात घातले. बाजारात फिरून राजाची खूण म्हणून आलेलं नाणं या डोंगरात बाईची खूण झालं. इंकांच्या उलट प्रवास.

आता हा प्रवास जरा मागून सांगते, कारण त्याची सुरुवात खरोखर इंकांच्या डोंगरात आहे.

१६ नोव्हेंबर १५३२ रोजी काहामार्का गावात फ्रान्सिस्को पिझारो या स्पॅनिश सरदाराने इंका राजा आतावाल्पाला कैद केलं. राजाने सुटकेसाठी खंडणी कबूल केली. सुमारे २२ फूट लांब आणि १७ फूट रुंद खोली ठरलेल्या उंचीपर्यंत एकदा सोन्याने भरून द्यायची आणि दोनदा चांदीने. साम्राज्यातून ओझी येऊ लागली. पेले, घागरी, मूर्ती. कोरीकांचाच्या भिंतींवरून सुमारे ७०० पत्रे उखडून आणले गेले. मग भट्ट्या पेटल्या आणि तिथल्याच कारागिरांच्या हातून हे सगळं आटवलं गेलं. हाती आलं सहा टनांहून अधिक सोनं आणि सुमारे बारा टन चांदी. हे आकडे आपल्याला माहीत आहेत, कारण वाटणी करण्यासाठी स्पॅनिशांनी लगडींचा हिशेब नीट लिहून ठेवला. किती पेले होते, कुणी घडवले होते, त्यांवर काय कोरलं होतं, याचा हिशेब ठेवायची त्यांना गरज वाटली नाही. खंडणी भरूनही २६ जुलै १५३३ रोजी आतावाल्पाला मारलं.

पिझारोने मोड केली. वजन घेतलं आणि घडणावळ बुडवली. त्या सोन्याच्या बागेतून आपल्यापर्यंत जवळजवळ काहीच पोहोचलं नाही. बर्लिनच्या संग्रहालयात चांदीमिश्रित धातूचं मक्याचं एक ताट आहे. त्यावरून बाकीची बाग कशी असेल याची कल्पना करायची.

पुढे १५४५ मध्ये आजच्या बोलिव्हियातल्या पोटोसी डोंगरात चांदीची प्रचंड खाण सापडली. स्पॅनिश सरकारने इंकांची श्रमाने कर भरण्याची जुनी पद्धत उचलली आणि तिची सक्ती केली. ठरवून दिलेल्या गावांतून दरवर्षी सातातला एक पुरुष खाणीवर. तिथली चांदी स्पॅनिश नाणी होऊन युरोपात गेली आणि युरोपातून इकडे आली, कारण पोर्तुगीज, डच, इंग्रज व्यापाऱ्यांना आपलं कापड, नीळ, मिरी हवी होती आणि त्या बदल्यात आपल्याकडे खपेल असं त्यांच्याजवळ चांदीखेरीज फारसं काही नव्हतं. मुघल राज्यात परदेशी नाणं चालत नसे. ते टांकसाळीत द्यायचं, आटवायचं आणि बादशहाच्या नावाचा रुपया घ्यायचा. अशी एक मोठी टांकसाळ सुरतेला होती. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा व्यापारी रस्ता तापीच्या खोऱ्यातून नवापूर, नंदुरबार असा जायचा. सतराव्या शतकात ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या याच रस्त्याने गेला आणि त्याने या गावांची नावं लिहून ठेवली आहेत.

म्हणजे आमच्या नंदुरबारच्या बाजारात खुळखुळणाऱ्या रुपयांत अँडीजची चांदी मिसळलेली होती. तिथून ती सावकाराच्या आणि व्यापाऱ्याच्या हातून डोंगरात चढली. मोह, लाकूड, धान्य खाली आलं आणि चांदी वर गेली. पुन्हा आटली, कडी झाली, पुन्हा गहाण पडली, पुन्हा आटली. एकदा मुशीत गेली की चांदीचं गाव पुसलं जातं. याहाच्या हासळीकडे बघून तिच्यातली कोणती चांदी कुठली, हे कुणीही सांगू शकणार नाही. मका मात्र कुठून आला हे नक्की सांगता येतं. तोही अमेरिकेतूनच आला, आणि याहाने तो भाकरी करून माझ्या हातात ठेवला होता.

मी याहाला विचारलं, हे मोडावं लागलं तर? ती म्हणाली, मोडलंय ना. आणि तिने पाण्याकडे हात केला.

मला आधी कळलं नाही. मग सहकारी बाईंनी सांगितलं, जुनं घर तिकडे खाली होतं.

मणिबेलीचा तो इतिहास जगाला माहीत आहे, आपल्यालाच कमी माहीत आहे. १९८५ मध्ये जागतिक बँकेने सरदार सरोवरासाठी ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. विरोध वाढला तेव्हा बँकेनेच मोर्स समिती नेमली. जून १९९२ मध्ये तिचा अहवाल आला आणि पुनर्वसनाचं काम सदोष असल्याचं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. ज्या आदिवासींच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या जमिनी कागदावर त्यांच्या नावे नव्हत्या, त्यांना 'अतिक्रमणधारक' ठरवलं जात होतं, हेही त्या समितीने मांडलं. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज नाकारलं आणि बँक बाहेर पडली. त्याच पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं. जुनं शूलपाणेश्वराचं मंदिरही पुढे जलाशयात गेलं. १९९४ मध्ये मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये अशी मागणी करणारं निवेदन अनेक देशांतल्या संघटनांनी मिळून काढलं. त्याला नाव दिलं मणिबेलीचं. महाराष्ट्रातली ३३ गावं या धरणाने बाधित झाली.

पाणी, वीज, शेती यांची गरज खोटी आहे असं मी म्हणत नाही. माझ्या घरातही नळ आहे. पण पंचनामा म्हणजे काय असतं ते आपण पाहिलं आहे. घराच्या भिंती, कौलं, जमिनीचे गुंठे, झाडांची संख्या. हे सगळं काट्यावर ठेवता येतं. ज्या वडाखाली लग्नं ठरायची, ज्या वळणावर होळीचा दांडा उभा राहायचा, ज्या बांधावर पूर्वजांचे दगड होते, ते कोणत्या रकान्यात लिहायचं? वजन मोजलं जातं, तेही कधी अपुरं. घडणावळीला रकानाच नसतो. याहाने एका शब्दात सांगितलं ते हेच.

इथे दुसऱ्याकडे बोट दाखवून थांबणं बरं नाही. आपणही काट्यानेच मोजतो. आमच्याकडे रमजानमध्ये जकातीचा हिशेब होतो. साडेबावन्न तोळे चांदी ही मर्यादा, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम. अम्मी दरवर्षी हिशेब करायची आणि त्यात वाघांची तोंडं धरली जात नसत. ते योग्यच आहे. गरिबाचा हक्क वजनावरच ठरला पाहिजे, नाहीतर प्रत्येक जण आपल्या दागिन्याच्या आठवणी सांगून सुटेल. आणि अम्मीने तोडे मोडले नसते तर मी आज वर्गात उभी नसते. मोड कधीकधी करावीच लागते. प्रश्न एवढाच, की मोडण्याआधी आपण ती वस्तू वाचतो का?

न मोडलेल्या वस्तू किती बोलतात त्याचं एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबाद आहे. १९७४ मध्ये तिथे एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाच्या मुळाशी खणताना चार जड वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडी जुंपलेला रथ, त्यात उभा माणूस. सगळ्या भरीव ओतीव. चारी मिळून वजन ६० किलोंहून अधिक. मोडीत घातल्या असत्या तर तांब्याच्या भावाने बरे पैसे झाले असते. तसं झालं नाही, म्हणून आजही अभ्यासक त्यांवर वाद घालू शकतात. त्या कोणत्या काळातल्या, मिरवणुकीच्या की पूजेच्या, गेंडा इथे कसा. उत्तरं वेगवेगळी आहेत, पण प्रश्न विचारायला वस्तू शिल्लक आहे.

मणिबेलीहून परतल्यावर मी आठवीच्या वर्गाला एक काम दिलं. घरातली धातूची एक जुनी वस्तू निवडा. तिचं चित्र काढा. ती कुणी आणली, कधी वापरली, तिच्यावरची नक्षी कशाची, पोचा कुठे आणि का, हे घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला विचारून लिहा. किंमत लिहायची नाही. मुलांनी दादीचं पानदान आणलं, सरोता आणला, कलई उडालेली देग आणली, तोटीचा बधना आणला. एका मुलीने लिहिलं की पानदानातल्या चुन्याच्या डबीत दादी चुना ठेवत नव्हती, नाणी लपवत होती, हे घरात आजवर फक्त तिच्या आईला माहीत होतं. एका मुलाने लिहिलं की त्यांच्या घरी जुनं काहीच नाही, सगळं मोडीत गेलं. मी त्याला सांगितलं, मग जे गेलं त्याचं चित्र काढ. दादाजींना विचारून काढ. त्याने दोन पानं लिहून आणली.

मग वाटलं, हे काम मीही केलं पाहिजे. अम्मीचे तोडे मी कागदावर काढले. पीळ काढला, टोकांना वाघाची तोंडं काढली, त्यांत दात काढले आणि कागद अम्मीला नेऊन दाखवला. ती आता सत्तरीच्या पुढे आहे. चष्मा लावून तिने बराच वेळ पाहिलं.

"वाघ?" ती म्हणाली. "वाघ नव्हते गं. मासे होते."

मी म्हटलं, नाही अम्मी, वाघच होते, मी नख घालून बघायची. ती म्हणाली, नानी मासेच म्हणायची. आम्ही दोघी थोडा वेळ वाद घालत बसलो. बघून ठरवायला तोडे नव्हते. शेवटी मी कागदाच्या एका टोकाला वाघ तसाच ठेवला, दुसऱ्या टोकाचा खोडून तिथे मासा काढला, आणि खाली तारीख घातली.